वाघाची मावशी आणि दूध-पोळी

मांजर काय खाते, हा प्रश्न महाराष्ट्रात कोणी कोणाला विचारीत नाही. माझ्याही मनात तो ४३ वर्षांत कधी आला नव्हता. मांजर दूध पिते. मांजर दुधात कुस्करलेली पोळी खाते. आणि कोणी पाहत नसेल तर साय खाते. बालवाडीच्या भिंतीवर वाटीशी बसलेली मांजर असते, त्या वाटीत दूधच असते. वाटीत उंदीर काढलेला मी अजून कुठल्या भिंतीवर पाहिलेला नाही. डोळे मिटून दूध पिण्यावरून आपण एक म्हणसुद्धा करून ठेवली आहे. म्हणजे मांजर आणि दूध यांचे नाते खुद्द भाषेतच नोंदले गेलेले. त्याला आव्हान कोण देणार? शिवाय मी पडलो बी. कॉम. नोंद झालेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा हेच मला कॉलेजात शिकवले गेले, आणि त्याच विश्वासावर बँक मला पगार देते.

आमच्या बँकेच्या माजरी शाखेत एक रेकॉर्ड रूम आहे. तिच्यात जुनी लेजरे, तीन पायांच्या खुर्च्या आणि एक बंद पडलेला कूलर सुखाने नांदतात. गेल्या एप्रिलात एका मांजरीने तिथे तीन पिल्ले घातली. दोन पिल्ले ती यथावकाश घेऊन गेली, तिसरे राहिले. बँकेच्या भाषेत याला बेवारस ठेव म्हणतात. अशा ठेवीकडे १० वर्षे कोणी फिरकले नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या फंडाकडे वर्ग करावी असा नियम आहे. पिल्लाला तेवढा धीर नव्हता. ते दुसऱ्याच दिवसापासून ओरडू लागले.

"साहेब, हे पोट्टं सकाळपासून कोकलून राह्यलं," आमचा गार्ड पिल्लाला मानेला धरून माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला. गार्ड फौजेतून निवृत्त झालेला. त्याच्या खांद्याला बंदूक आणि हातात पिल्लू, हे दृश्य पाहून पासबुक भरायच्या रांगेतल्या दोन बाया हसल्या. मॅनेजरसाहेबांनी काचेतून पाहिले आणि "संध्याकाळपर्यंत याची व्यवस्था लावा" असा हुकूम दिला. ज्या कामाचा खातेप्रमुख कोणी नाही, ते काम माझे, हा आमच्या शाखेतला अलिखित नियम आहे. संध्याकाळी पिल्लू डब्याच्या पिशवीतून आमच्या घरी आले.

पिल्लू काळे होते. म्हणून कन्येने दारातच त्याचे नाव 'काळी' ठेवले. मग सौ.ने ओल्या फडक्याने ते पुसले, तेव्हा ते पांढरे निघाले. माजरीत नवीन आलेल्या माणसाने हे लक्षात ठेवावे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींच्या कुशीत वसलेले हे गाव, कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात, जंक्शनवर कोळशाच्या वाघिणी उभ्या असतात. इथल्या कुठल्याही वस्तूचा रंग ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय ठरवू नये. पण नाव तेच राहिले. एकदा खात्यावर नाव चढले की ते बदलणे किती अवघड असते हे मी घरच्यांना समजावून सांगितले, आणि घरच्यांनी प्रथमच माझे बँकेतले एक मत मान्य केले.

काळी घरातच राहील, असा सौ.चा निकाल पहिल्याच रात्री लागला. बाहेर ट्रक, बाहेर कुत्री, आणि बाहेर आणखीही कोणी. वाघ-बिबटे ताडोब्यात राहतात असा बाहेरगावच्या लोकांचा समज असतो. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले हे खरे, पण त्याची हद्द नेमकी कुठे संपते हे वाघांना कोणी लेखी कळवलेले नाही. आमच्या जिल्ह्यात मांजराने रात्री फिरायला जाणे म्हणजे मावशीने भाच्याच्या घरी न कळवता जेवायला जाणे. जेवण होते, पण मावशीचे होते.

आता आईविषयी सांगायला हवे. आई माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ, सकाळी हरिपाठ, महिन्याच्या दोन एकादश्या. आमच्या घरात अंडे हा शब्दसुद्धा कधी मोठ्याने उच्चारला जात नाही. कन्येच्या शाळेतल्या पुस्तकात अंड्याचे चित्र होते, त्या पानावर वर्षभर खूण म्हणून मोरपीस ठेवलेले असे. अशा घरात आलेले मांजर काय खाणार हा प्रश्नच नव्हता. आईने स्वतः दूध कोमट केले, पोळीचा पापुद्रा काढून बारीक कुस्करला, आणि वाटी पुढे सरकवून म्हणाली, "घे माय."

काळीने घेतले. तासाभराने परतही केले.

जमाखर्चाचा पहिला धडा असा आहे, की येणारी वस्तू नावे आणि जाणारी वस्तू जमा. पहिल्या तीन दिवसांत काळीच्या खात्यातल्या दोन्ही बाजू इतक्या तंतोतंत जुळल्या, की असा ट्रायल बॅलन्स माझा नोकरीत कधी जुळलेला नाही. फक्त तो दिवाणाखाली, चपलांत आणि एकदा माझ्या बँकेच्या किल्ल्यांवर जुळला.

मग सल्ले सुरू झाले. माजरी हे देशभरच्या माणसांचे गाव आहे. खाणीने कोणाकोणाला कुठून आणून इथे ठेवले आहे याची गंमत मतदारयादी वाचताना कळते. शेजारच्या तेलुगू काकूंनी दहीभात सुचवला. समोरच्या बिहारी गृहस्थांनी सत्तू. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वसाहतीत वाढलेला आमचा कॅशियर म्हणाला, "दादा, माछ द्या, माछ," आणि आई आतल्या खोलीत आहे हे कळल्यावर गप्प बसला. आईने चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेतून आणलेला बत्तासा काळीपुढे ठेवला. काळीने तो हुंगला, पंजाने दूर ढकलला आणि पाठ फिरवली. आई काही बोलली नाही, पण देवीच्या प्रसादाला पाठ फिरवणारा जीव घरात आला याचे तिला वाईट वाटले, हे तिने हरिपाठ नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटला त्यावरून मला कळले.

चिरंजीवांचे मत पाकिटाचे पडले. चंद्रपूरहून त्याने एक चकचकीत पाकीट आणले. पाकिटावर एक गुबगुबीत मांजर, तिच्याभोवती गाजरे, वाटाणे, पालक. आईला चित्र पसंत पडले. मला भाव पसंत पडला नाही. किलोचा हिशेब केला तर तो तूरडाळीच्या तिप्पट निघाला. पण गाजर-पालक म्हटल्यावर घरात शांतता राहील, म्हणून मी गप्प बसलो. काळीने त्यातले चार दाणे चावले आणि बाकीचे एकेक करून फ्रिजखाली ढकलले.

मे महिना उजाडला. चंद्रपूर जिल्ह्याचा मे काय असतो हे वर्तमानपत्रात तापमानाचे कोष्टक वाचणाऱ्यांना माहीत आहे. पारा ४५ च्या पुढे गेला की कूलरसुद्धा गरम वारा देतो आणि वर बिल देतो. अशा एका रात्री काळी कूलरपुढच्या फरशीवर आडवी पडली ती उठेना. पोट आत गेलेले, डोळे अर्धे मिटलेले. कन्या रडू लागली. चिरंजीव मोबाइलवर वाचत सुटले आणि प्रत्येक ओळीगणिक अधिक घाबरत गेले. मी काय करावे हे न सुचून वजनकाटा शोधत होतो. आई मात्र फरशीवर मांडी घालून बसली आणि कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाणी तिच्या तोंडाला लावू लागली. रात्री दोनला मी उठलो तेव्हाही ती तशीच बसलेली होती. दिवा बंद होता. अंधारात मला फक्त बोळा वाटीत बुडवल्याचा आवाज आला.

"अरे, हिला आपलं चालून नाही राहिलं," आई म्हणाली. "आपलं" हा शब्द ती फार जपून म्हणाली.

सकाळी रजेचा अर्ज टाकून मी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. आईही बरोबर आली. आमच्या पुढे एक बैल, दोन शेळ्या आणि एक म्हैस होती. पिशवीतले आमचे पेशंट पाहून बैलाच्या मालकाने सहानुभूतीने आम्हाला आधी जाऊ दिले. डॉक्टर तरुण होते, नागपूरच्या पशुवैद्यक कॉलेजातून शिकून आलेले. त्यांनी काळीची कातडी चिमटीत धरून पाहिली, सलाइन टोचले आणि विचारले, "काय देता हिला?"

"दूध-पोळी," मी अभिमानाने म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "साहेब, तुम्ही चंद्रपूर जिल्ह्यातलेच ना? ताडोब्यात जाऊन वाघाले दूध-पोळी देता का जी?"

"तो वाघ आहे."

"अन् हे काय होय? हेही वाघच होय, साईज फक्त लहान आहे."

मी हार मानणारा नव्हतो. म्हटले, "डॉक्टर, आमच्या आजोळी जन्मभर मांजरी दूध-पोळीवर जगल्या. मी स्वतः पाहिल्या आहेत."

"तुम्ही दिवसा पाहिल्या," डॉक्टर म्हणाले. "रात्री त्या काय खात होत्या ते पाहिलं काय?"

मला एकदम लख्ख उजेड पडला. आजोळची ती धान्याची कोठी, ते माळे, त्या रात्रीच्या धावपळी! म्हणजे दूध-पोळी हा त्या मांजरांचा केवळ दाखवायचा पगार होता. खरा संसार चालत होता उंदरांच्या बेहिशेबी उत्पन्नावर! पिढ्यान् पिढ्या आपण फक्त पगारपत्रक वाचत आलो आणि म्हणत आलो, बघा, किती थोड्यात भागते. आमच्या काळीला दार बंद केल्याबरोबर वरकमाई बुडाली आणि निव्वळ पगार हातात राहिला. नुसत्या पगारात भागत नाही हे मला कोणी सांगायला नको होते.

डॉक्टर मग रंगात आले. बैलांच्या गर्दीत त्यांना मांजरावर बोलायला क्वचितच मिळत असावे. दूध बहुतेक मांजरांना पिल्लूपण सरत आले की पचत नाही, कारण दुधातली साखर फोडणारे पोटातले द्रव्य कमी होत जाते. टॉरीन नावाचा एक घटक आहे, तो मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही, आणि तो मिळतो मांसातून. डाळ-तांदूळ-पोळीत तो नसतो. तो नसेल तर हळूहळू डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवले. १९८७ साली तिथेच असेही दिसले, की पाकिटातले महागडे खाद्य खाणाऱ्या मांजरांचे हृदय टॉरीन कमी पडल्याने दुबळे होत होते, आणि ते दिल्यावर सुधारत होते. तेव्हापासून कंपन्या ते खाद्यात वाढवून घालू लागल्या. गाजराचे म्हणाल, तर गाजरातून अ जीवनसत्त्व बनवायची कला आपल्या पोटात आहे, मांजराच्या नाही. पाकिटावरची गाजरे तुमच्यासाठी छापलेली आहेत.

"आणि गोड?" आईने पहिल्यांदाच तोंड उघडले.

"गोड तिला कळतच नाही, आई. गोड ओळखणारा जिभेवरचा भागच मांजरात निकामी असतो. २००५ मध्ये शोध लागला."

आईने सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे मुद्दाम नाही केलं तिनं." बत्ताशाचे प्रकरण असे १८ वर्षांहून जुन्या शोधाने मिटले. डॉक्टरांना काय मिटले ते कळले नाही.

मग प्रिस्क्रिप्शन निघाले. चार-पाच दिवस उकडलेली कोंबडी, बिनहाडाची, बिनमिठाची. उकडलेली हाडे अजिबात द्यायची नाहीत, ती फुटून घशात रुततात. बरे वाटल्यावर आठवडाभरात हळूहळू पाकिटाचे खाद्य मिसळत जायचे, कारण जन्मभर नुसत्या कोंबडीवरही भागत नाही, त्यात चुना कमी पडतो. पाकीट घ्यायचे ते 'पिल्लांसाठी संपूर्ण व संतुलित आहार' असे लिहिलेले, 'पूरक खाद्य' लिहिलेले नव्हे. घटकांत जे वजनाने सर्वांत जास्त ते सर्वांत आधी छापतात. तिथे मांस पाहायचे. (घरी येऊन मी आमचे पाकीट पाहिले. पहिला घटक मका. आणि 'पूरक' हा शब्द इतक्या बारीक टायपात होता, की त्या कंपनीत कोणीतरी पूर्वी बँकेत कर्जाचे फॉर्म छापत असावा.) मांजराचे पूर्वज वाळवंटाकडचे, त्यांना तहान कमी लागते, कोरड्या दाण्यात पाणी १० टक्क्यांच्या आसपास, ओल्या खाद्यात ७५ च्या पुढे, म्हणून आमच्या उन्हाळ्यात ओले खाद्यही द्यायचे. "आणि कोंबडी उकडलेलं पाणी फेकू नका जी. टॉरीन त्याच पाण्यात उतरते. ते वरून ओता."

"अजून एक. कांदा-लसूण मात्र कधीच नाही. रक्तातल्या लाल पेशी फुटतात."

आई ताडकन सरळ बसली. "कांदा-लसूण खात नाही?"

"नाही चालत."

"बघ," आई माझ्याकडे वळून म्हणाली, "अर्धी माळकरी तर आहेच ती."

उरलेल्या अर्ध्या भागाविषयी परतीच्या बसमध्ये ती काही बोलली नाही. भद्रावती मागे पडले तरी ती खिडकीबाहेर पाहत होती. घरापाशी उतरताना एवढेच म्हणाली, "मागच्या अंगणात शेगडी मांड. भांडं वेगळं. करायचं तू. मी तिकडे येणार नाही."

अशा रीतीने वयाच्या ४३ व्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा चिकन सेंटरच्या रांगेत उभा राहिलो. माजरीसारख्या गावात बँकेच्या माणसाला सगळे ओळखतात. माझ्या मागे एक पीककर्जवाला होता आणि पुढे एक मुदत ठेव.

"किती देऊ, साहेब?"

"पाव किलो. बिनहाडाचं. मांजरासाठी पाहिजे."

दुकानदाराने सुरी थांबवली आणि माझ्याकडे असे प्रेमाने पाहिले, की तसे मी कुठल्या थकबाकीदाराकडेही पाहिलेले नाही. "समजलो जी," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळे माळकरी मांजरासाठीच नेते."

दुसऱ्या दिवशी कॅशियरने मला हळूच कालवणाची कृती सांगितली. तिसऱ्या दिवशी मुदत ठेव माझ्या काउंटरशी येऊन डोळा मारून गेली. चौथ्या दिवशी पीककर्जवाल्याने एक जिवंत गावठी कोंबडी पिशवीत घालून बँकेत आणली. "मांजरासाठी," तो म्हणाला. ती परत करायला मला पाऊण तास लागला, कारण कोंबडी रेकॉर्ड रूममध्ये शिरली. मॅनेजरसाहेबांनी काचेतून पाहिले आणि त्या दिवसापासून तिथला खातेप्रमुख कायमचा ठरला.

बातमी भजनी मंडळात पोचणार हे उघडच होते. मी संध्याकाळी भीतभीत घरी गेलो. आई ओट्यावर बसून फुलवाती करीत होती.

"मंडळात विचारत होत्या," ती म्हणाली.

"मग?"

"मी म्हटलं, हो, आणतो. मांजरासाठीच आणतो. खात्री नसेल तर येऊन बघा, मांजर कशी दिसून राहिली अन् हा कसा दिसून राहिला."

काळी खरोखरच दिसू लागली होती. लव चमकत होती, पोट भरले होते, आणि किल्ल्या सुरक्षित होत्या. मी दर रविवारी तिला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहतो आणि मग एकट्याचे वजन त्यातून वजा करतो. जुलैपर्यंत तिचे ७०० ग्रॅमचे दीड किलो झाले. माझेही वजन वाढले आहे, पण त्याची वेगळी नोंद ठेवावी असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही.

आषाढी आली. मला पेच पडला. आई दिवसभर वरईच्या तांदळावर, आणि अंगणात शेगडी पेटवायची? मी सकाळी विचारले, "आज काळीला नुसतं पाकीटच देऊ का? एकादशी आहे."

"एकादशी माझी आहे," आई म्हणाली. "तिनं कुठे माळ घातली?"

मी शेगडी पेटवली. आई ठरल्याप्रमाणे इकडे आली नाही. दाराच्या आत, पाठ करून, जपमाळ घेऊन बसली. तिच्या शेजारी काळी, तीही पाठ करून, पण कान मागे वळवलेले. कोंबडी शिजली, मी तुकडे ताटलीत काढले आणि पातेले उचलून मोरीकडे निघालो.

"अरे, पाणी फेकशील!" आई पाठमोरीच ओरडली. "तिचं ते तोरण त्यातच असतं!"